दारावरचं नाव

किमी गाव, ९ ऑक्टोबर

प्रिय पांतेली,

खुशाल असशील. न्युर्नबर्गला थंडी सुरू झाली असेल, इथे अजून अंगणात बसवतं. अंजिरं यंदा बरी आली. दोन माळा वाळवून तुझ्यासाठी ठेवल्यात. किती जणांना पुरायला हव्यात ते विचारणार होते, राहूनच गेलं. पुढच्या महिन्यात बाबांना जाऊन वर्ष होईल. चर्चमध्ये प्रार्थनेनंतर वाटायचे गहू मीच शिजवीन.

आता घराचं. मे महिन्यात मी तुला लिहिलं होतं की बाबांनी घर तारण ठेवून काढलेलं कर्ज घरापेक्षा मोठं आहे. मी वारसा नाकारलाय, तूही वकिलातीत जाऊन सही कर, म्हणजे विषय संपला. तू मुकाट्याने सही केलीस. विषय काही संपला नाही.

पंधरा दिवसांपूर्वी सकाळी बेलिफ येऊन दारावर लिलावाची नोटीस डकवून गेला. चष्मा लावून पाहते तो वारस म्हणून नाव : गारुफालिया त्साकिरिदी. आपली आई. मी तशीच चपला फटफटवत त्याच्यामागे धावले.

“लाज नाही वाटत? माझ्या आईला जाऊन चौदा वर्षं झाली. मेलेल्या बाईला कशाला कोर्टात ओढता?”

त्याने शांतपणे कागद चाळला. “बाई, ही गारुफालिया आठ वर्षांची आहे. राहणार न्युर्नबर्ग. तुमच्या भावाची मुलगी ना?”

शेजारची देस्पो गच्चीत कपडे वाळत घालत होती, तिचे हात थांबले.

पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव ठेवायचं, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. पण बाबांनी ज्याला दार बंद केलं, तोही ही रीत पाळील असं मला वाटलं नव्हतं. आठ वर्षांत मी तिचं नावसुद्धा विचारलं नाही, पांतेली.

वकीलबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, बापाने नकार दिला की वाटा मुलांवर जातो, आणि अल्पवयीन मुलाच्या वतीने नकार द्यायला कोर्टाची परवानगी लागते. “तुम्ही नकाराची सही केलीत तेव्हा, भावाला मुलंबाळं आहेत का, असं नोटरीने तुम्हाला विचारलं नाही?”

विचारलं होतं. मी ‘नाही’ म्हणाले.

बाबा कॉफीच्या दुकानात आणि चर्चच्या दारात सगळ्यांना तेच सांगायचे, की पांतेलीला कुणी नाही. मी शेजारी मान डोलवायची. जिभेला तेच वळण पडलं, असं वकीलबाईंना सांगितलं. तेही खरं नाही. नोटरी आपल्याच गावचा. ‘हो, लग्नावाचून झालेली एक आहे,’ म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. मला लाज वाटली. म्हणून तुझं लेकरू अडकलं.

वकीलबाईंनी दुसरी वाटही सुचवली. मुलीचं नाव राहू दिलं तर हरकती घेत लिलाव दोन-तीन वर्षं लांबवता येईल, तोवर मी घरात राहीन. एक अख्खा दिवस मी त्याचा विचार केला, तुझ्यापासून काय लपवू. एकसष्ट वर्षं याच छपराखाली गेली. पण म्हाताऱ्याने नातीला मायेचा एक शब्द दिला नाही, आणि कर्ज तेवढं द्यायचं? ते माझ्याने होणार नाही. मी वरच्या आळीत खोली बघितली आहे.

बँक म्हणते, नकार द्यायची मुदत उलटली. मुलीच्या नकाराबद्दल तुला कुणी सांगितलंच नव्हतं, हे शपथेवर सांगायला साक्षीदार हवा. तो मी. तारीख २३ नोव्हेंबर, खाल्किदाच्या कोर्टात. देस्पो बस पकडून येईल आणि पहिल्या बाकावर बसेल. बसू दे.

तुझी आणि आंकेची, आईबाप दोघांची सही लागेल. मुलीला आणायची गरज नाही म्हणतात. मी म्हणते, आण. घर जायच्या आत तिने ते एकदा पाहावं. तू माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल, तिला बोलू दे.

कोर्टात शपथ दिल्यावर आधी नाव विचारतात, मग नातं. मी दोन दिवस घरात मोठ्याने म्हणून पाहतेय. तेच इथे लिहिते.

गारुफालियाची आत्या,
स्तामाता