दोनशे तेरा नंबरची नळी

१४ मार्च

चि. चिंगी,

अनेक आशीर्वाद. सात वर्षांनी लिहिते आहे. पहिल्या ओळीलाच पेन तीनदा अडलं. मी बरी आहे. खोल्या त्याच, तुझ्या भावोजींचं घोरणंही तेच. तुझं कवळ्या बनवण्याचं काम जोरात चालतं, असं मावशीकडून कळतं. निम्मे म्हातारे तुझ्या दातांनी हसतात म्हणे. ऐकून बरं वाटलं.

आता मुद्द्यावर येते, नाहीतर पत्र फाडून टाकशील.

आमच्या प्रयोगशाळेत संधिवातावर काम चालतं, ते तुला माहीतच आहे. सांधा आतून झिजायला लागला की हाडांमधल्या मऊ कूर्चेचे, हाडाचे अगदी सूक्ष्म तुकडे रक्तात उतरतात. कधीकधी दुखायच्या पुष्कळ आधी. माणूस मजेत हिंडत असतो आणि रक्ताला सगळं ठाऊक असतं. ते तुकडे मोजायचे, एवढंच माझं काम. नळ्यांवर नावं नसतात, नंबर असतात. कोणता नंबर कोणाचा, हे फक्त मोठ्या डॉक्टरांच्या कपाटात.

पण तुझा नंबर मला पाठ आहे. आईच्या संधिवातामुळे तिचं रक्त या अभ्यासात घेत होते आणि तुलनेसाठी निरोगी माणसं हवी होती, तेव्हा आपण दोघींनी एकाच दिवशी रक्त दिलं. मी दोनशे बारा, तू दोनशे तेरा. "ताई, हळू टोच, कसायासारखी नको," म्हणाली होतीस. पुढे आपलं बोलणं तुटलं, तरी तू तुझ्या शहरातल्या केंद्रात दर वर्षी रक्त देत राहिलीस. पत्र नाही, फोन नाही, पण दर फेब्रुवारीत बर्फाच्या पेटीतून तुझी नळी यायची. हातमोज्यातूनही गार लागायची.

गेल्या महिन्यात तुझा आकडा यंत्रावर आला आणि मला वाटलं, नळ्यांची अदलाबदल झाली. कारण तो आकडा माझ्या ओळखीचा होता. आईचा. पण आईच्या नळ्या केव्हाच संपल्या. तिचा कप्पा मीच धुऊन ठेवलाय. पुन्हा तपासलं. तिसऱ्यांदा तपासलं. मग आईच्या दुखण्याच्या सुरुवातीच्या पाच वर्षांचा आलेख काढला, त्यावर तुझा ठेवला आणि खिडकीच्या उजेडात धरला. कागद दोन, रेघ एक. चिंगे, आई जाऊन सात वर्षं झाली, आणि त्या कागदावर ती पुन्हा आजारी पडत होती.

नळीबरोबर एक फॉर्म येतो. 'काही त्रास?' याच्यापुढे तू लिहिलंयस, 'नाही'. नाव झाकलं होतं, पण अक्षर कसं झाकणार? आणि ते तुझं अक्षर नव्हतंच. मोठं, कललेलं, 'ह'ची शेपटी अर्ध्यात सुटलेली. मी फायलीतून आईचा शेवटचा फॉर्म काढला. तिनेही 'नाही'च लिहिलं होतं. दोन्ही शेजारी ठेवले आणि क्षणभर मला कळेना, यातली आई कुठली. त्या दिवशी मी खोलीचं दार उघडं ठेवून बसले.

सकाळी बोटातली अंगठी निघत नाही ना? बरणीचं झाकण माझ्या भाचीकडून उघडून घेतेस ना? मला हे कोणी सांगितलेलं नाही.

मोठ्या डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, "बाई, हा अभ्यास आहे, निदान नव्हे. नळीमागचं माणूस शोधायचं नाही."

"माणूस सापडलंय, सर."

त्यांनी चष्मा पुसला. "मग लिहा. पण नोकरी मी वाचवू शकणार नाही."

म्हणून लिहिते आहे. नुसत्या आकड्यावरून काही ठरत नाही, तुझे हात डॉक्टरांनी बघायला हवेत. येत्या मंगळवारी अकराची वेळ इथल्या सांध्यांच्या दवाखान्यात घेतली आहे. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण ये. आईच्या वेळी नव्हती अशी औषधं आता आहेत.

तुझी,
ताई


२ एप्रिल

चि. चिंगी,

आशीर्वाद. ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची आहे, रोज नाही. भाचीला कॅलेंडरवर वार लिहून ठेवायला सांग.

डॉक्टरीणबाई एकेक बोट दाबत होत्या आणि तू भिंतीकडे बघत होतीस. मग त्यांनी फोटो उजेडावर लावला. "ही दोन बोटं. इथलं हाड कुरतडलं गेलंय, ते भरून येणार नाही. बाकीची वाचतील. वर्ष-दीड वर्ष आधी आला असतात, तर हीही वाचली असती."

बाहेर आल्यावर तू म्हणालीस, "ताई, कळल्याबरोबर लिहिलंस गं. तुझ्या जागी मी असते तर लिहिलं नसतं." आणि तो सुजलेला हात माझ्या हातावर ठेवलास. कढत होता. आईचा असायचा तसाच. मी म्हटलं, "चल, तुझी गाडी चुकेल."

चिंगे, कळल्याबरोबर नाही लिहिलं. मला दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत कळलं.

नियमाचं निमित्त मी स्वतःला दिलं. खरं ते नव्हतं. आईच्या शेवटच्या दिवसांत तू आली नाहीस. "ते हात मला बघवत नाहीत," म्हणालीस. यंत्रावर तुझा आकडा आला तेव्हा माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की आता बघशील. रोज बघशील. मग कागदाची घडी घालून खणात ठेवली आणि जेवायला गेले. पोटभर जेवले.

पुढच्या वर्षी आकडा वाढला होता. तेव्हाही गप्प. यंदा ते दोन 'नाही' बघून मी घाबरले. तुझ्यासाठी की माझ्यासाठी, ते अजून सांगता येत नाही.

मला कामावरून काढलं. निघायच्या आधी माझी नळी तपासली. साफ स्वच्छ आहे. तो आकडा कितीतरी वेळ बघत बसले, बदलतोय का म्हणून.

अठरा तारखेला तुझी पुन्हा तपासणी आहे. मी दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर असेन. तू समोरून न बघता गेलीस, तरी तिथेच बसून राहीन.

तुझी ताई,
जिला माहीत होतं