घरची सरकी

१० जून १९८६
प्रौढ शिक्षणाच्या वर्गात मिळालेली वही कोरीच पडली होती. आज लय खुश हाय, म्हणून काढली. गेल्या साली माझ्या आसारामनं मानवतहून हायब्रीड कापसाच्या बियाण्याची पिशवी आणली. पीक असं आलं की लेक-सून पहिल्यांदाच ऊसतोडीला गेले न्हाईत. दिवाळीत घर कसं भरलेलं! औंदाही जाऊ द्यायची न्हाई. आसाराम पुन्हा पिशवी आणतो म्हणायलाय. कशाला? त्याच कापसाची टपोरी सरकी मी राख लावून मडक्यात ठेवलीय. बियाणं घरच्या बाईनं राखायचं, सासूनं मला हेच शिकवलं. शेतकी सायब म्हणला म्हणे, ही सरकी पुन्हा पेरू नका. त्याच्या घरी मडकं नसंल.

१४ जून
आसाराम ऐकंना. मी दोन वक्त जेवले न्हाई. तिसऱ्या वक्ताला सरकी शेणामातीत घोळायला तोच बसला. शेजारच्या धुरपदाबाईलाही पसाभर दिली. उगं जळायला नको.

२६ जुलै
घरात बसवत न्हाई. सकाळी शेत, दुपारी शेत. एक झाड कंबरेला, त्याच्या बाजूचं गुडघ्याला. सून दैवशाला म्हणाली, असं कसं वो आत्याबाई? मी म्हणलं, सख्खे भाऊ तरी एका उंचीचे असतात का? ती पुन्हा खुरपायला लागली. पटलं असणार.

३ सप्टेंबर
पोळा. पुरण शिजत टाकून शेतात जाऊन आले. पुरण लागलं. काही झाडं नुसती पानाला आलीत, काहींची बोंडं सुपारीएवढी. बारीक बोंडात कापूस दाट असतो. धुरपदाबाई वाटेत बोलली न्हाई. तिचीच नजर लागली. उद्या शेतावरून मीठ-मिरच्या उतरून टाकते.

१८ ऑक्टोबर
पहिली वेचणी. गेल्या साली गाडी भरली, औंदा दैवशालाच्या ओटीत मावली. ओटी जरा मोठीच बांधते ती. ऊसतोडीचा मुकादम येऊन गेला. चहाला आला असंल.

५ नोव्हेंबर
दिवाळी सरली. सकाळी मुकादमाचा ट्रक आला. मोठा तवा दैवशालानं नेला, लहाना मला ठेवला. आसाराम रागावला असता तर भांडले तरी असते. चढताना एवढंच म्हणला, "माय, येताना पिशवी आणतो. तवर तुझी सरकी म्हशीला घाल."
घातली. म्हशीनं टोपलं चाटूनपुसून खाल्लं. चांगलं बियाणं तिला बरोबर कळतं. घरात आता आमी दोघीच.