आईच्या हाताखालचं डोकं

बट्टंबांग, कंबोडिया, ३ ऑगस्ट १९९८

चि. कोल्याणला ताईचा आशीर्वाद वि. वि.

आईनं अंथरूण धरलंय. दिसत नव्हतंच, आता उठवतही नाही. दिवसभर एकच, कोल्याण आली का? मी भरवलेला घास तोंडात तसाच धरून विचारते. तुझ्या मठात पावसाळ्याचं व्रत आहे, ठाऊक आहे. पण आजारी आईसाठी भिक्खूसुद्धा सात दिवस बाहेर पडतात, इथल्या थोरल्या भिक्खूंनीच सांगितलं. तू काय त्यांच्याहून मोठी? बस पकड नि ये. केळी आणू नकोस, इथे सडतायत.

लोभ आहेच, तो वाढवत बसायला मला वेळ नाही.

तुझी ताई, फाल्ला

टेकडीवरचा मठ, १२ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचूनही मन हललं नाही, याचंच मला नवल वाटलं. व्रताचे तिन्ही महिने मौन धरलंय, म्हणून लिहून सांगते. इतकं सुख मला कधीच नव्हतं. आत्ता खाली उतरले तर सगळं पुण्य सांडेल. त्यातलं अर्धं आईच्या नावे देते, तिला सांग. आणि ताई, मासळीबाजारातलं ओरडणं तेवढं कमी कर. चिडणं सोडलंस की सुख तुझ्याही दारी येईल.

लोभ असावा, पण गुंतू नये.

कोल्याण

बट्टंबांग, २ सप्टेंबर

कोल्याण,

आई परवा गेली.

तुझं पत्र तिला वाचून दाखवायची मला लाज वाटली. न्हाव्याकडे जाऊन डोकं भादरून घेतलं, मठवाल्या बायकांसारखं पांढरं नेसले नि तिच्याजवळ जाऊन बसले. शेजारच्या सिमकाकूनं तिला सांगितलं, कोल्याण आलीय, पण मौनात आहे. आई माझ्या डोक्यावरून हात फिरवतच राहिली. मला असं कधी कुरवाळलं नव्हतं तिनं. मग हळूच म्हणाली, बरं झालं बाई आलीस. थोरलीच्या हाताला माया नाही, घास कोंबते नुसता. नवरासुद्धा टिकला नाही तिच्याकडे. तू सुखात आहेस, तशीच राहा.

मी गप्प. मौन ना माझं! त्याच हातानं पेज पाजली, तर गटागट प्यायली. हसत गेली.

येत्या आठवड्यात पितरांचा पंधरवडा लागतोय. आपल्या नावचा भात कुणी ठेवलाय का बघत मेलेली माणसं सात मठ फिरतात. आई आधी तुझ्याकडेच येणार, आंधळी, चाचपडत. डोक्यावरून हात फिरवेल. फिरवू दे. फक्त परवाचं डोकं कुणाचं होतं, ते तिला सांगू नकोस. मौन आहे ना तुझं.

लोभ तुझा तुलाच असू दे.

फाल्ला