ऑगस्टला जोडी नाही

२८ जून, शनिवार. संध्याकाळी.

आज नात आली होती. जेवून आली आणि चहाच्या आधी गेली. माझी बायको नीरजा होती तेव्हा ओवी शनिवारी यायची, रविवारी रात्री जायची आणि जाताना रडायची. आज हसत गेली.

निघण्यापूर्वी माझ्याबरोबर ‘जोडी’ खेळून पाहिलं. हा तिचा आणि नीरजाचा खेळ. एकीने इंग्रजी शब्द द्यायचा, दुसरीने त्याच्याशी यमक जुळणारा सांगायचा, कोणी अडकेपर्यंत. ओवी म्हणाली, कॅट. मी म्हणालो, मांजर. ओवीने आईकडे पाहिलं. वल्लरीने छताकडे.

माझं उत्तर बरोबर होतं. प्रश्न नीट विचारला नव्हता.

चपला घालताना वल्लरीने सहज सांगितल्यासारखं सांगितलं, की ऑगस्टपासून शनिवारी त्यांच्या घराजवळ, खराडीतच स्केटिंगचा क्लास आहे, ओवीचं नाव घालतोय. मी म्हटलं, मग इकडे? म्हणाली, बाबा, तिला इथे बोअर होतं हो. आईंचं वर्षश्राद्ध होऊन जाऊ दे, मग बघू.

वर्षश्राद्ध २४ जुलैला. तोवर यमकं शिकायची आणि शनिवार परत मिळवायचा. नीरजा नुसती एसएससी, तीही दुसऱ्या खेपेला. मी बी.कॉम., शिवाय सगळी नोकरी इंग्रजी ड्राफ्टिंगमध्ये गेली. आठवडा पुरे.

३० जून, सोमवार.

मोबाइलवर एक साइट सापडली. शब्द टाकला की त्याची यमकं येतात. नीरजाला हे ठाऊक नव्हतं. बिचारी डोक्यातून काढत बसायची.

पद्धत ठरवली. चहाच्या आधी दहा शब्द पाठ. फिरताना उजळणी. आजच सुरुवात करणार होतो, पण आज सोमवार. महिन्याच्या एक तारखेपासून करावं, नीट होतं.

१ जुलै, मंगळवार.

ओंकारेश्वराच्या पुलावरून फाइट, काइट, बाइट, नाइट असं म्हणत चाललो होतो. समोरून येणाऱ्या बाईने आपल्या मुलाला दुसऱ्या बाजूला घेतलं. पुढचा शब्द आठवेना म्हणून कठड्याशी थांबलो, तर एका तरुणाने दंड धरला. काका, घरी कोणी आहे का, मुलाचा नंबर द्या, म्हणाला. मी म्हणालो, राइट. तोच आठवला होता.

त्याने आमोदला फोन लावला. आमोद म्हणाला, मी मीटिंगमध्ये आहे, पोचले की त्यांना मेसेज करायला सांगा.

पोचल्यावर मेसेज केला. आमोदने अंगठा पाठवला. मुलगा काळजी घेतो.

३ जुलै, गुरुवार.

पोळ्या करायला येणाऱ्या शकूला विचारलं, काकू आणि ओवी हा खेळ कसा खेळायच्या? म्हणाली, मला काय इंग्रजी कळतंय काका? आतल्या खोलीत बसायच्या आणि अशा हसायच्या, की माझी पोळी करपायची. मधूनमधून ग्रँडपा ग्रँडपा एवढं ऐकू यायचं.

म्हणजे माझा उल्लेख होत असे. बरं वाटलं.

मी तेव्हा हॉलमध्ये माझ्या वेताच्या खुर्चीत असायचो. घरात वडीलधारं माणूस एका जागी स्थिर बसलेलं असलं, की मुलांना आधार वाटतो. मी आत गेलो की दोघी एकदम गप्प व्हायच्या. नीरजाने ओवीला मोठ्यांचा मान राखायला शिकवलं होतं.

५ जुलै, शनिवार.

ओवी आली. तयारी उत्तम होती. नाइटचे सगळे, कॅटचे सगळे, बुकचे बरेचसे. ओवी म्हणाली, पर्पल.

पर्पलला यमक नाही. साइटवर पाहिलं, डिक्शनरीत पाहिलं. तसं तिला समजावून सांगितलं. ओवी म्हणाली, आजी म्हणायची हर्पल. मी म्हणालो, असा शब्दच नाही. ती म्हणाली, माहितेय, हर्पल म्हणजे पर्पल रंगाची ढेकर. मी डिक्शनरी उघडून एच काढला आणि तिला बोट ठेवून एकेक शब्द दाखवला. हर्पल नाही, हे सिद्ध झालं. एच मोठा निघाला. पाऊण तास गेला.

नंतर ती बाल्कनीत जाऊन आईला फोन करत होती. न्यायला ये ना, असं काहीसं.

नीरजाने पोरीला काय काय शिकवून ठेवलं आहे. ते आता मलाच निस्तरावं लागणार. आज मात्र पुष्कळ शिकली.

७ जुलै, सोमवार.

नवी कल्पना. नुसते सुटे शब्द नकोत. वर्षश्राद्धाला सगळे जमतील, तेव्हा नीरजावर चार ओळींची इंग्रजी कविता वाचायची. यमकासहित. ओवीला कळेल, आजोबा काय चीज आहेत. स्केटिंगचा विषयच राहणार नाही.

साइटवर वाइफ टाकलं. नाइफ, लाइफ, स्ट्राइफ, मिडवाइफ. पहिला खर्डा तासात तयार:

शी वॉज माय वाइफ,
शी कट भाजी विथ नाइफ.

रामदासला फोनवर वाचून दाखवली. ऑफिसातला जुना सहकारी, येरवड्याला असतो. म्हणाला, श्रीधरराव, माझ्या घरापासून जेल जवळ आहे, तिथे ही चांगली चालेल.

रामदासला विनोदाचं फार. मागे एकदा नीरजा त्याच्या बोलण्यावर इतकी हसली होती, की तिला ठसका लागला. मी पाणी आणून दिलं होतं. त्याने नाही.

९ जुलै, बुधवार.

अडचण. ती गेली ४ ऑगस्टला. ऑगस्टला यमक नाही. साइट म्हणते, शब्द नीट टाइप केला आहे का पाहा.

मे महिन्यात गेली असती तर डे, अवे, प्रे, स्टे, सगळं उपलब्ध होतं. जूनला मून आणि सून. नीरजाने कुठलीच गोष्ट माझ्या सोयीने केली नाही. भाजी आणायची ऐन बातम्यांच्या वेळी, तसंच हे.

नावालाही यमक नाही. रामदास म्हणाला, नीरजा, पिझ्झा. मग म्हणाला, श्रीधरराव, वहिनींना मराठीत कधी काही म्हणाला होतात का?

विषयाशी संबंध नव्हता. फोन ठेवला.

१२ जुलै, शनिवार.

ओवी आली नाही. आमोदचा फोन. म्हणाला, बाबा, ती म्हणते आजोबांकडे एक्झाम असते.

म्हणजे तिने गांभीर्याने घेतलं आहे. समाधान वाटलं. शकूला सांगून शिरा केला होता. शकू डबा भरून घेऊन गेली. वाया गेला नाही.

१५ जुलै, मंगळवार. सकाळी.

सुटलं! कॅलेंडर पाहताना सुटलं. नीरजा गेली दिव्यांच्या अवसेला. यंदा दिव्यांची अवस २४ जुलैला आहे. म्हणजे तिथीने ती जुलैत गेली. इंग्रजी उच्चार जुलाय. स्काय, क्राय, व्हाय, डाय, गुडबाय. नुसती रांग लागली आहे.

शी वॉज माय वाइफ,
शी वर्क्ड ऑल लाइफ.
शी डाइड इन जुलाय,
शी टोल्ड मी गुडबाय.

दुपारी.

रामदासने विचारलं, वहिनी गुडबाय म्हणाल्या होत्या का? शब्दशः नाही. शेवटचं म्हणाली ते, पंखा बारीक करा. फॅनला मॅन, कॅन, व्हॅन आहेत, नाही असं नाही. पण पंख्यावर कविता संपवणं बरं दिसत नाही. पंखा बारीक करा म्हणजे आशय गुडबायचाच.

हॉलचा पंखा तेव्हापासून एकवरच असतो. सवय लागली आहे.

१९ जुलै, शनिवार.

आमोद आणि वल्लरी श्राद्धाचं सामान ठरवायला आले. ओवी खाली गाडीतच बसली. टॅबचं चार्जिंग गाडीतच होतं म्हणे.

वल्लरीला कविता दाखवली. म्हणाली, बाबा, आई ऑगस्टमध्ये गेल्या. मी तिथी समजावली. म्हणाली, इंग्रजी कवितेत तिथी? मग आमोदकडे वळून म्हणाली, तू बोल. आमोद म्हणाला, वाचू दे गं, दोन मिनिटांचं तर आहे.

मुलाचा पूर्ण पाठिंबा आहे.

मी सहज विचारलं, कविता ओवीला आवडली तर स्केटिंगचं काय? वल्लरी म्हणाली, बाबा, फी भरली.

फी परत मिळते. बहुतेक.

२३ जुलै, बुधवार.

आरशासमोर तालीम केली. जुलायला डावा हात वर, गुडबायला उजवा. शकू केरसुणी घेऊन दारात उभी होती. म्हणाली, काका, डॉक्टरांना बोलावू का?

उद्या ओवी राहायचा हट्ट करेल. तिचा टूथब्रश बाथरूममध्ये अजून आहे. नीट धुऊन ठेवला. गादीवर नवी चादर घातली. पर्पल रंगाची. मुद्दाम तुळशीबागेत जाऊन आणली.

२४ जुलै, गुरुवार. दुपारी.

श्राद्ध यथासांग झालं. गुरुजी वेळेवर आले. पानावर मी, आमोद, वल्लरी, ओवी, रामदास. शकू वाढत होती. खीर झाल्यावर मी उभा राहिलो आणि कविता वाचली.

आमोदने आणखी खीर मागितली. परिणाम खोल झाला असावा. गुरुजी म्हणाले, वा, आणि आमोदला विचारलं, रिक्षा मिळेल ना? रामदास ताटातली आमसुलाची चटणी निरखत होता.

मी ओवीला विचारलं, कशी वाटली? ओवी म्हणाली, आजीला नसती आवडली. हिच्यात हसायला काहीच नाहीये. आणि मग म्हणाली, आजीची म्हणू?

मला काय आनंद झाला. घरात परंपरा सुरू होते ती अशी. मी म्हणालो, म्हण बाळा, सगळ्यांना ऐकू दे. वल्लरी म्हणाली, ओवी, नको. मी म्हणालो, म्हणू दे तिला.

ओवी उठली. माझ्या वेताच्या खुर्चीत जाऊन बसली, हनुवटी छातीला टेकवली, तोंड थोडं उघडं ठेवलं. मग सरळ होऊन, टाळ्यांच्या तालावर:

ग्रँडपा, ग्रँडपा, इन द चेअर,
नो वन नोज इफ ही इज देअर.

वल्लरीने ओवीला दरडावलं, पण मध्येच तोंडावर पदर घेतला आणि तिचे खांदे हलायला लागले. आमोदला ठसका लागला. शकू विचारत राहिली, म्हणजे काय, म्हणजे काय? ओवीने मराठीत सांगितलं. आजोबा खुर्चीत बसलेत, पण ते आहेत की नाहीत ते कुणालाच कळत नाही. शकू म्हणाली, अगं बाई, खरंच की.

आमोद म्हणाला, बाबा, लहान आहे ती. मी म्हणालो, कविता तिची नाही.

रामदास म्हणाला, वहिनींचं इंग्रजी फार चांगलं होतं, श्रीधरराव.

ओवी म्हणाली, अजून खूप आहेत, आजी रोज एक करून ठेवायची, सगळ्या आजोबांवरच. वल्लरीने तिच्या तोंडात लाडू घातला.

रोज एक. म्हणजे नीरजा रोज माझा विचार करत होती. हे मला माहीत नव्हतं.

त्याच दिवशी, संध्याकाळी.

गुरुजी आणि रामदास आधीच गेले. शकूने भांडी घासली आणि ती गेली. वल्लरीने आतल्या खोलीतून ओवीची राहिलेली पुस्तकं, फ्रॉक आणि टूथब्रश पिशवीत भरले. ओवीने चादर पाहिली की नाही, कळलं नाही. विचारलं नाही.

मी खुर्चीत बसलो होतो. डोळे मिटले होते, पण जागा होतो. जिन्यातून वल्लरीचा आवाज आला, आमोद, सगळं बंद केलंस का रे? आमोद परत आत आला. दिवा बंद केला. एकवर फिरणारा पंखा बंद केला. जाताना दार ओढून घेतलं.

मी हॉलमध्येच होतो.

अंधारात मोबाइल काढून साइटवर चेअर टाकलं. पहिल्याच ओळीत देअर आहे.

यमक बरोबर आहे.