गाडी कोणाला, कप कोणते

मी, खाली सही करणारी, वय बासष्ट, धंदा रस विकण्याचा, सध्या मुक्काम रुग्णालयाचा तिसरा मजला, बायकांचा वॉर्ड, खिडकीजवळची खाट, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. बिघडलंय ते पोट. डॉक्टरांनी माझ्यासमोर बोलायचं टाळून मुलाला बाजूला नेलं, त्यावरून जे समजायचं ते मी समजले. कोणाच्या धाकाने किंवा भरीला पडून मी हे लिहीत नाही. वाक्यांचं वळण कोर्टाबाहेर बसणाऱ्या टंकलेखकाकडून समजून घेतलं आहे. तो माझं जुनं गिऱ्हाईक. वळण त्याचं असलं तरी म्हणणं माझं आहे. याआधी मी मृत्युपत्र कधी केलेलं नाही, कारण करण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं.

वारस दोन. थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. कारण विचाराल तर रसाचे कप. ऐकणाऱ्याला हसू येतं. दुसऱ्याच्या घरात घडलं असतं तर मीही हसले असते.

कलम १. घराच्या दोन खोल्या माझ्या नावावर आहेत. पुढची खोली मुलाला, मागची मुलीला. मोरी सामाईक. नळ एकच आहे, म्हणजे रोज सकाळी तरी एकमेकांचं तोंड बघावं लागेल. टंकलेखक म्हणाला, मावशी, असं ठेवू नका, भांडणं होतील. भांडणं झाली तर बोलणं तरी होईल, म्हणून मी हे मुद्दाम ठेवलं आहे.

कलम २. बँकेत जे असेल त्यातून आधी इथलं बिल आणि माझं जे काही करायचं ते करावं. उरेल ते दोघांना सारखं. भेटायला येणाऱ्यांना चहा द्यावा. त्या दिवशी गाडी बंद ठेवावी, नाहीतर धाकटा रडत रडत रस काढायला उभा राहील, त्याचा नेम नाही.

कलम ३. डाळिंब सोलायची सुरी मुलीला, तिचा हात हलका आहे. बर्फ फोडायची हातोडी मुलाला. त्याला राग आला की तो बर्फ फोडतो आणि बर्फ संपेपर्यंत शांत होतो. माझी चांगली शाल शेजारणीला. तिने ती दोनदा मागितली आणि दोन्ही वेळा मी ऐकू न आल्यासारखं केलं.

कलम ४. माझ्या दिरांचं कप, प्लेटा आणि कागदी पिशव्यांचं दुकान आहे. सगळा बाजार त्यांना गठ्ठेवाले म्हणतो. त्यांना माझ्याकडून काहीही नाही. माझ्या नवऱ्याची सायकल त्यांनी एका दिवसासाठी म्हणून नेली, तो दिवस अजून मावळलेला नाही. ती त्यांच्याकडेच राहू दे. काही का नाही, हे पुढे कोणी विचारू नये म्हणून इथेच सांगते.

नवरा होता तोवर आम्ही काचेचे ग्लास बादलीत विसळायचो. पुढे रुग्णालयाने सांगितलं, एकाचा उष्टा ग्लास दुसऱ्याला नको, वापरून टाकायचे कप ठेवा. आमची गाडी मागच्या फाटकासमोर. उभं राहून पिणारं गिऱ्हाईक थोडं, बहुतेक रस वर जातो, पेशंटसाठी. म्हणजे आमचा कप जिने चढतो, झोपलेल्या माणसाला जाग येईपर्यंत स्टुलावर ताटकळतो आणि मग अशा हातात जातो ज्याला धड पकड नसते. कप निवडायचा तर एवढं सगळं धरून निवडायला हवा. प्लॅस्टिकचे पातळ कप घेऊन पाहिले, ते दाबताच चेपायचे आणि रस मनगटावर. मग त्यांच्यावर बंदीच आली.

तेव्हा दीर गाडीवर आले. कागदी कपांचा गठ्ठा फोडला, शेजारच्या टपरीवरून उकळता चहा मागवला, एका कपात ओतला आणि माझ्या नाकासमोर धरला.

"बघा वहिनी, उकळता चहा धरतो. गार रसाचं काय घेऊन बसलात!"

मला आणि दोन्ही पोरांना, आम्हा तिघांनाही पटलं. जो उकळतं सोसतो त्याला गार काय करणार? सगळ्या घराने अक्कल गहाण टाकली ती तिथे. चहाच्या कपाला पाणी न झिरपणारा थर असतो, पण फक्त आतून. गार रस भरला की कपाला बाहेरून घाम येतो आणि बाहेर असतो नुसता कागद. तो हळूहळू भिजतो. गाडीवर पिऊन टाकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. वर गेल्यावर लागतो. गार रसाला दोन्ही बाजूंनी थर दिलेला कप हवा. तो दिरांच्या दुकानात नव्हता, आणि "आमच्याकडे नाही" हे म्हणायला दिरांची जीभ वळत नाही.

एक बाई आपल्या वडिलांसाठी डाळिंबाचा रस घेऊन वर गेली. त्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालेलं. त्यांना जाग येईपर्यंत कप स्टुलावर राहिला. म्हाताऱ्याने तो उचलला, बोटं कागदातून आरपार गेली आणि सगळा रस पोटावरच्या पट्टीवर. वॉर्डात ओरडा झाला, म्हातारा दचकून उठायला गेला, टाके तुटले, रक्त आलं. डॉक्टर धावत आले, पट्टी कापून काढली. आत काही झालेलं नव्हतं, पण जखम अवेळी उघडी पडली ती पडलीच. नंतर मी चौकशीला गेले तर खाटेवर दुसरंच माणूस. म्हातारे घरी गेले की कुठे गेले, कोणी सांगितलं नाही. दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायची छाती झाली नाही. तेव्हापासून भरलेला कप दिसला की मी आधी त्याला बोट लावून बघते.

ती बाई खाली भांडायला आली तेव्हा थोरली गाडीपुढे येऊन उभी राहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "चूक आमच्या कपाची आहे. हे कप आमच्या काकांच्या दुकानातले. आजपासून बंद." दिरांच्या दुकानाचं नाव खराब झालं. घरातल्या पोरीने माझी अब्रू रस्त्यावर काढली, असं ते बाजारभर सांगत सुटले. धाकट्याचा काकांवर जीव. बाप गेल्यावर त्याला शाळेत सोडायला आणि सायकल शिकवायला तेच यायचे, हेही मला लिहायला हवं. तो बहिणीला म्हणाला, "एवढं खरं बोलायचं होतं तर घरात बोलायचंस." ती म्हणाली, "सांडलं ते काय घरात सांडलं होतं?" बोलणं तुटलं ते तिथे.

दोघं एका गाडीवर उभे राहीनात. मी थोरलीला म्हटलं, तू जा. तिला कुठेही काम मिळालं असतं. धाकट्याला गाडीखेरीज काही येत नाही. ती गेली, बेकरीत लागली, आणि आपल्याला का जावं लागलं हे तिने मला आजवर विचारलेलं नाही. मी लांबच्या बाजारातून दोन्ही बाजूंनी थर दिलेले कप आणत राहिले. दिरांनी आमच्या दारात पुन्हा पाऊल टाकलं नाही.

कलम ५. रसाची गाडी, यंत्र, बर्फाची पेटी आणि फाटकासमोरची जागा मुलाला. अट एकच, कप दोन्ही बाजूंनी थर दिलेलेच असावेत. नवा कप घेण्याआधी त्यात बर्फाचा रस भरून ठेवावा, पेशंटला जाग यायला जेवढा वेळ लागेल तेवढा, आणि मग चांगला दाबून उचलून बघावा. हे लिहिताना थोरलीचा चेहरा समोर येतो. पण धाकट्याच्या पोटापाण्याचं आधी बघायला हवं.

इथवर दुपारी लिहिलं होतं. पुढचं संध्याकाळी लिहीत आहे.

माझ्या शेजारच्या खाटेवर शिवणकाम करणाऱ्या एक बाई आहेत. त्यांच्या भाच्याने आमच्याच गाडीवरून संत्र्याचा रस आणला. मला बरं वाटलं, सगळ्या वॉर्डाला सांगावंसं वाटलं. बाईंचा डोळा लागला होता, म्हणून तो कप आमच्या मधल्या स्टुलावर ठेवून गेला. थोड्या वेळाने मी सवयीने कपाला बोट लावलं. बोट आत जायला लागलं.

मी ओरडलेच. "सिस्टर, हा कप उचलू नका! खालून तळहात लावा!" तिने धरला आणि रस दुसऱ्या भांड्यात ओतला. कप चिंधीसारखा तिच्या हातात लोंबला.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. अलीकडे धाकटा माझा रस स्टीलच्या ग्लासात आणतो. मी मनात म्हणत होते, आईसाठी घरून ग्लास आणतो, केवढी माया!

संध्याकाळी तो आला. हातात ग्लास, वर झाकण.

"खाली कप कोणते आहेत रे?"

"नेहमीचेच," तो ग्लासाकडे बघत म्हणाला.

"नेहमीचे म्हणजे कोणाचे?"

तो खाटेच्या कडेला टेकला. "काका स्वतः आले होते, आई. तुझी तब्येत विचारत होते. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. म्हणाले, माझ्यामागे दुकान तुझंच. त्यांचे जुने गठ्ठे पडून होते. म्हटलं, तेवढे संपवू. थोडेच आहेत."

"आणि मला स्टीलचा ग्लास?"

"तू आजारी आहेस."

मी शेजारच्या खाटेकडे बोट केलं. "आणि ह्या?"

त्याने तिकडे पाहिलं नाही. ग्लासाचं झाकण फिरवत बसला. लहानपणी मार खायच्या आधी तो असाच बसायचा, आणि तेव्हा माझा हात उठायचा नाही.

कलम ६. वरील कलम ५ मी रद्द करते. त्यावर रेघ माझ्याच हाताने मारली आहे. गाडी, यंत्र, बर्फाची पेटी आणि जागा थोरल्या मुलीला. तिला मी विचारलेलं नाही. एकदा जा म्हणून काढून दिलेल्या मुलीला आता ये म्हणते आहे, तेही स्वतः निघून जाताना. ती नाही म्हणाली तर तिला कोणी बोल लावू नये. असं लिहायची रीत आहे की मुलाला शिक्षा करण्याचा हेतू नाही. खरं सांगायचं तर थोडा आहे. पण रागापेक्षा भीती मोठी आहे. गाडी तिला दिली तर हा उपाशी बसेल ही एक, आणि याच्याकडे राहिली तर कोणाची तरी बोटं पुन्हा कपातून आरपार जातील ही दुसरी. मला दोन्हींतून सुटका सापडलेली नाही.

हे कलम मी त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मग मी काय करू, आई?"

"हा कागद ताईकडे ने."

"ती दार उघडायची नाही."

"उघडेपर्यंत थांब."

"आणि त्यानंतर?"

त्यानंतरचं मला सुचलं नाही, म्हणून त्याचं कलमही नाही.

कलम ७. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचं काम मी धाकट्या मुलालाच देते. सिस्टर म्हणाली, ज्याचं गेलं त्याच्याच हातात कागद? फाडून टाकील की! मी म्हटलं, आईसमोर "नेहमीचेच" एवढा एक शब्दही ज्याला डोळे वर करून खोटा बोलता आला नाही, तो फाडणार नाही. म्हटलं खरं. छातीठोक सांगता येत नाही.

तो खाली गेला आहे. खाटेवरून गाडी दिसते. फाटकातून एक बाई घाईने बाहेर आली, त्याच्यापुढे उभी राहिली. त्याने यंत्र फिरवलं, बर्फ घातला, रस ओतला आणि कप तिच्या हातात दिला. कप कोणता ते इतक्या उंचावरून ओळखू येत नाही. ती रस सांभाळत फाटकातून आत आली आहे. मी सही आत्ताच करते.

सही: रसवाली (अक्षर हललं आहे, पण माझंच आहे)

साक्षीदार पहिली: वॉर्डातली सिस्टर. सही माझ्यादेखत झाली.

साक्षीदार दुसरी: शेजारच्या खाटेवरची शिवणकामवाली. उजव्या हाताला सलाईन असल्याने डाव्या हाताने सही केली.

ठिकाण: तिसरा मजला, खिडकीजवळची खाट

तारीख: ९ मार्च, दिवेलागणीला