पडायला न शिकवणारी जिम

सोमवार, ६ फेब्रुवारी

आले एकदाची. खोली तिसऱ्या मजल्यावर, खिडकीत ऊन, नळाला जोरात पाणी आणि घरमालकीण कानानं अधू. याहून जास्त सुख माणसानं मागू नये. सामान न उघडताच चहा केला आणि पेटीवर बसून प्यायले.

लॅबही झकास आहे. मी कवळ्या करते. शहरातले कितीतरी दवाखाने तोंडाचे साचे आमच्याकडे पाठवतात. साहेबांनी मला मेणाची एक दाढ कोरायला लावली, भिंगातून पाहिली आणि नुसतं "हं" म्हणाले. बाकीच्यांनी माना वर केल्या. म्हणजे इथं "हं" सहजासहजी मिळत नसावं.

आता चढायला जागा शोधायची. दोर नाही, पट्टा नाही. भिंतीवर रंगीत होल्ड, म्हणजे धरायच्या खुंट्या, ठोकलेले, खाली गाद्या, आणि वर पोचायचं ते आपल्या बोटांच्या जिवावर. माझ्या थोरल्या बहिणीला अजून वाटतं मी वजन कमी करायला जाते. वाटू दे. ताईला समजावण्यात माझी अर्धी जवानी गेली आहे.

शनिवार, ११ फेब्रुवारी

दोन जिम पाहिल्या. पहिलीत भिंतीपेक्षा आरसे जास्त. एक गृहस्थ खालच्याच होल्डला लटकून फोटो काढून घेत होते. मी वरपर्यंत जाऊन उतरले तरी त्यांचा चेहरा जमत नव्हता.

दुसरीत कुणाच्या तरी पोराचा वाढदिवस. फुगे, केक आणि गाद्यांवर ऐसपैस बसलेल्या आया. प्रशिक्षक प्रत्येकाला टाळ्या वाजवत होता. मी बुटाची नाडी बांधली तरी वाजवल्या.

रविवार, १२ फेब्रुवारी

तिसरीची भिंत खरंच चांगली. पण तिथली शिकवणारी मुलगी म्हणजे साखरेचा पाक. नवीन माणसाला आधी पडायला शिकवतो म्हणाली. हात मोकळे सोडायचे, गुडघे दुमडायचे, पाठीवर लोळायचं. मी म्हटलं, मी चढायला आलेय, पडायचे पैसे मी देत नसते. ती हसून म्हणाली की सगळे पहिल्या दिवशी असंच म्हणतात. त्या "सगळे"मध्ये मला बसवल्याचा एवढा राग आला की बूट न बदलताच बाहेर पडले.

बुधवार, १५ फेब्रुवारी

सापडली. टायरच्या गोदामामागे जुना बर्फाचा कारखाना आहे, त्यात. आरसे नाहीत, गाणी नाहीत, टाळ्या नाहीत. गाद्या पातळ आहेत, पण त्यांची गरज कुणाला आहे? प्रशिक्षक उंच, फिकट, दोन्ही हात कायम कोटाच्या खिशात. मी आल्या आल्या विचारलं, इथं पडायला शिकवतात का. ते म्हणाले, इथं कुणी पडत नाही.

तिथल्या तिथे नाव घातलं.

सोमवार, २० फेब्रुवारी

रोज जाते. इथली मंडळी मुखदुर्बळ. कुणी नमस्कार करत नाही, की तुम्ही काय करता विचारत नाही. सगळ्यांच्या बाह्या लांब, बोटांच्या टोकांपर्यंत ओढलेल्या. फॅशन असेल, ढोंग्यांना कमी नाही कुठं. पण चढतात मात्र अफाट. चढतात आणि वर जाऊन तशीच लटकून राहतात, वटवाघळांसारखी. त्यांना मी मनातल्या मनात "वाळत घातलेले" म्हणते.

हाताला लावायची पूड इथं आपली आपण आणायची नाही. दाराशी दगडी परात आहे, तिच्यातलीच घ्यायची. राखाडी, किंचित ओलसर. चिकटते जरा. पण पकड अशी येते की बोलायची सोय नाही.

गुरुवार, २ मार्च

इथला सगळ्यात अवघड रूट, ती काळ्या होल्डांची वाट, आज झाला. छतासारखा पुढे झुकलेला भाग, होल्ड जेमतेम नखाएवढे. इतक्या वर्षांत इतकं कठीण मी काही केलं नव्हतं. वर पोचले तेव्हा खाली सगळे माना वर करून पाहत होते. कुणी टाळी वाजवली नाही. आवडलं. त्या पाकातल्या मुलीला आणून दाखवायला हवं.

उतरताना उजवा हात होल्डवरून लवकर सुटेना. जोर लावावा लागला. थकवा.

मंगळवार, ७ मार्च

सकाळी बोटं वळलेलीच असतात. गरम पाण्यात धरली की मोकळी होतात. लॅबमधल्या सहकारिणीनं काळजीनं विचारलं, तिला म्हटलं तू तुझे दात बघ.

वाळत घातलेल्यांपैकी एक बाई आज कोपऱ्यात चहा पीत होती. कप दोन मनगटांच्या मध्ये धरून. इतका चोरटेपणा, इतका नखरा. मी मुद्दाम तिच्याकडे बघत राहिले. तिनं खाली मान घातली आणि हळूच म्हणाली की अजून सवय होतेय. कसली ते मी विचारलं नाही. असल्यांना विचारलं की त्या गळ्यात पडतात.

सोमवार, १३ मार्च

लॅबमध्ये वाईट झालं. एका म्हाताऱ्या बाईंच्या जबड्याचा साचा हातात होता. खाली ठेवायचा होता. ठेवता येईना. साहेब म्हणाले ठेवा आता, आणि मी बोटं उघडायला गेले तर ती उलटी आवळली गेली. साचा माझ्या मुठीत चुरा झाला. सगळे बघत होते. साहेबांनी "हं" म्हटलं नाही. सुट्टी घ्या म्हणून सहकारिणीकरवी निरोप पाठवला.

बुधवार, १५ मार्च

हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. फोटोत काही दिसत नाही म्हणाले. चढणं बंद करा आणि शेक घ्या. एवढ्यासाठी माणसं डॉक्टर होतात.

चढणं बंद केलंच आहे. पाय मात्र आपसूक टायरच्या गोदामाकडे वळतात. संध्याकाळी शर्टाच्या बाह्या खाली ओढून घेतल्या, लोकांनी बघू नये म्हणून. मग आरशात बघितलं. मग दिवा बंद केला.

शुक्रवार, १७ मार्च

प्रशिक्षकांकडे गेले, जाब विचारायला. त्या परातीतल्या पुडीत काय घालता, म्हटलं. त्यांना राग आला नाही. त्यांनी खिशातून हात काढले.

बोटं नव्हती. म्हणजे होती, पण वेगळी वेगळी नव्हती. एकमेकांत मुरलेली, तळव्यात घुसलेली, आकड्यासारखी. त्यावर नखांच्या जागी नुसत्या रेघा.

ते म्हणाले, "सोडायला शिकवणाऱ्या जिमा वेगळ्या असतात. तुम्ही बघून आला होतात ना."

वर कुणीतरी लटकत होतं. ती चहाची बाई. मी हाक मारली. तिनं खाली पाहिलं. उतरता येत नाही, असं ती म्हणाली नाही. तिला उतरायचंय, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं.

रविवार, १९ मार्च

नाक मुठीत धरून तिसऱ्या जिमला गेले. त्या मुलीला म्हटलं, मला पडायला शिकव. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. माझे हात पाहिले आणि खांद्याला धरून भिंतीपाशी नेलं. अगदी खालचा होल्ड. फक्त धरायचा आणि सोडायचा.

धरला.

ती म्हणत होती, सोडा. श्वास घ्या आणि सोडा. मी सोडत होते. खरंच सोडत होते. हात ऐकत नव्हता. शेवटी तिघांनी मिळून ओढलं. होल्ड भिंतीतून उपटला, बोटांतून नाही. पान्हा घालून फोडावा लागला. ती मुलगी रडत होती. मी तिला एवढं बोलले होते, आणि ती रडत होती.

मंगळवार

ताईचा फोन. सांगायचं नव्हतं, सांगून टाकलं. उद्या निघते म्हणाली. मी म्हटलं येऊ नकोस. का, ते सांगता येईना. कुणी हातात हात घेतला तर— नको. सरळ म्हटलं, तुझी कटकट नको मला. ती नेहमीसारखी म्हणाली, बरं, बरं. म्हणजे येणार.

गुरुवार

दार लावून बसले. कड्या या बोटांनी लागेनात, नुसतं कुलूप. हात उशीखाली. ताई बाहेरून हाका मारत होती. घरमालकिणीला ऐकू येत नाही, पण किल्ली तिच्याकडे असते—

ताई आत आली. मी ओरडले, लांब राहा. कधी ऐकलंय तिनं. लहानपणी ताप आला की अशीच यायची, कपाळावर हात ठेवायची. माझा उजवा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, "किती गार पडलाय गं."

आवळला गेला.

गुरुवार, दुपार

तिचं मनगट माझ्या मुठीत. आधी हसत होती. सोड, वेडे. मग हसली नाही. मग खूप ओरडली. शेजारी येतील वाटलं, कुणी आलं नाही. मी बोटं चावली स्वतःची. लागत नाही मला. तिला लागतं—

आतून बारीक आवाज आला. काडी मोडल्यासारखा. आता ती पलंगाला टेकून बसली आहे. डोळे मिटलेत. श्वास आहे. तिचा पंजा निळा पडलाय आणि माझी बोटं अजून आत, अजून—

डाव्या हातानं लिहिते. पेन सुटत नाही म्हणून लिहिते.

ताईनं डोळे उघडले. माझ्यावर रागावलेली नाही. तीच मला म्हणते, घाबरू नकोस, मी आहे ना. दुसरा हात पुढे करते आहे माझे डोळे पुसायला. ताई नको. ताई, माझ्या डाव्या हातात पेन आहे, तो हात रिकामा नाही म्हणून तू वाचलीस, पण पेन आता मोडतंय, शाई सगळी— ताई हात मागे घे, मागे