राजाचा दहावा

५ जानेवारी ९७, रविवार
आबांना आणलं. गोकुळ घेऊन आला, भुसावळ पॅसेंजरनं. पोटात पाणी झालंय, पाय सुजलेत. मोठ्या दवाखान्यात दाखवायचं म्हणून सुरत, नाहीतर माझ्या खोलीची पायरी चढले नसते. चढताना मी हात पुढे केला, त्यांनी भिंत धरली. गोकुळ धाकटा, त्यानं मागून आधार दिला तर चाललं.
माझ्याशी बोलत नाहीत ते नाहीतच. आजारपणातही नेम मोडला नाही. काही हवं असलं की माझ्या बायकोला. "मंगला, त्याले सांग, खिडकी लाई दे." मी खिडकीलाच टेकून उभा. मंगला माझ्याकडे बघते, मी खिडकी लावतो. सोनल हसत होती. तिला गंमत वाटते. पंधराची पोर, तिला काय.

७ जाने.
गोकुळ गावी गेला. गव्हाला पाणी आहे म्हणे. जाण्याआधी मला कोपऱ्यावरच्या चहाच्या लारीवर घेऊन गेला, तेव्हाच समजलं काहीतरी आहे. अर्धा चहा झाल्यावर म्हणाला, "भाऊ, वाईट वाटून घेऊ नको. आबांनी भाऊबंदांत सांगून ठेवलंय. आगटं मी धरायचं."
म्हणजे आबा गेले की पुढे विस्तवाचं मडकं घेऊन गोकुळ चालणार. अग्नी तो देणार, डोक्याचे केस, मिशी तो काढणार. मोठा मुलगा मी, मी मागे चार लोकांत उभा राहणार, पाहुण्यासारखा. अख्खं गाव बघणार.
"मी काय करू भाऊ?" म्हणे. तो तरी काय करणार. मी म्हटलं, बरं. गाडी लागली असेल, जा.

९ जाने.
दिवसपाळी. कापड कारखान्याच्या फोल्डिंग खात्यात आज घड्या घालायला माल इतका की पाठ धरली. घरी आलो तर मंगला सुरू. "माफी मागून टाका ना एकदा. म्हातारा माणूस आहे. पायावर डोकं ठेवलं तर काय झिजणार आहे का?"
माफी कशाची? ते कोणी सांगत नाही.
राजा, सिनेमातला गायक, गेला म्हणून डोकं काढलं, एवढंच. त्याचं खरं नाव वेगळं होतं, आम्ही राजाच म्हणायचो. गायचाच तसा. मी चोवीसचा होतो, खोलीवर सहा जणांत राहत होतो, मंगला अजून यायची होती. रेडिओवर बातमी आली आणि पांडेसऱ्यात आमच्या चाळीत चूलच पेटली नाही. राजा चाहता मंडळाचे आम्ही नऊ जण. सुपडू अध्यक्ष. तो म्हणाला, घरचा माणूस गेला, दहावा करायचा. आणि केला! तापीवर जाऊन नऊच्या नऊ डोकी बोडली, मिशा काढल्या, पिंड ठेवला. युसूफनंसुद्धा काढलं. त्याला घरी चपलेनं मारलं, तरी दुसऱ्या दिवशी टक्कल मिरवत कारखान्यात हजर.
घोळ पुढे झाला. आमच्या गावचा एक जण उधना स्टेशनात मला लांबून बघून गेला. डोकं साफ, मिशी नाही. बाप जिवंत असताना मिशी कोण काढतो? त्यानं अंदाज बांधला की आबा गेले. बेट्यानं थांबून विचारलं तर नाहीच, गाडीत बसून थेट आत्याच्या गावी निरोप दिला. आत्या रडत, ऊर बडवत आमच्या दारात आली. दारात आबा. शेंगा फोडत बसलेले.
"कोन मरनं वं?" म्हणाले म्हणे.
गाव आजपर्यंत हसतं. आबा नाही हसले. पुढच्या दिवाळीला मी गावी गेलो तर उंबऱ्यात अडवलं. "मी मरी गयथू का तवय?" हे माझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य.
मला पण राग आहेच की. चौदाव्या वर्षी शाळेतून काढून काकाबरोबर सुरतेला धाडलं मला. चार वर्षांत एकदा बघायला आले नाहीत. पोरगं जेवतं का, झोपतं कुठं. मशीनच्या आवाजात रात्री कान वाजायचे, तेव्हा कोणी होतं तर तो राजा होता. ही गोष्ट मंगलाला नाही समजणार. कोणालाच नाही. जाऊ दे.

१२ जाने., रविवार
सुपडू आला. बारा महिन्यांतून एकदा उगवतो. आता कॅसेटचं दुकान आहे, पोट सुटलंय, पण अध्यक्षपद काही सुटत नाही. २६ तारखेला जुन्या सभासदांचा मेळावा घ्यायचा म्हणतो, आमच्याच गल्लीत, मांडव घालून. "निवेदन तू करायचं वश्या. तुझ्यासारखं कोण बोलत होतं रे!"
मी म्हटलं, घरात आजारी माणूस आहे. म्हणाला, म्हणूनच तर, जरा मन रमेल. याला कसं समजवावं.
पण बसलो बोलत. बसलोच. दर रविवारी त्याच्या खोलीत जमायचो. चपला बाहेर. रेकॉर्डवरून सुई उचलेपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही. दुसऱ्या गायकाचं कौतुक केलं की तो रविवार उंबऱ्याबाहेर बसायचं. मी दोनदा बसलो होतो, खोटं का बोला. राजाला पत्र लिहिलं तर सहीचा फोटो आला, तो ठेवायचा कोणी यावरून मारामारी. शेवटी एकेक आठवडा एकेकाकडे. नव्या टॉवेलात गुंडाळून, वाजतगाजत, या खोलीतून त्या खोलीत. युसूफची पाळी आली की त्याची आई अगरबत्ती लावायची. काय माणसं होती.
नऊमधले उरलो किती? दोघं गावी परत गेले, एक कोसाडला राहतो पण येत नाही, एक वारला. बाकीच्यांचे केस पिकले.
आबा पडद्याआड जागे होते. ऐकलं असणार सगळं.

१४ जाने.
उत्तरायण. सकाळपासून गच्च्यांवर पतंग, धाब्याधाब्यावर स्पीकर, काप्यो छे, बोंबाबोंब. समोरच्या धाब्यावर राजाचं गाणं लागलं. मी तोंडात घास घेऊन थांबलो. राजाचं म्हणजे चाल त्याची, आवाज कोण्या पोरीचा, खाली ढोल बडवलेला. रिमिक्स म्हणतात. सोनल वरून ओरडली, "पप्पा, तमारुं गीत!" आणि नाचायला लागली.
राग यायला हवा होता. आला नाही. कंटाळा आला फक्त. मंगलानं उंधियू वाढलं, खाल्लं, झोपलो.

१७ जाने.
दवाखाना. सकाळी सातपासून रांग. आबा बाकावर, मी शेजारी, मध्ये पिशवी. तीन तास बाप-लेक एक शब्द नाही. शेजारच्या बाईनं विचारलं, "कोण लागो छो तमे?" मी सांगितलं मुलगा. आबांनी मान दुसरीकडे वळवली.
डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. पाणी काढू, पण पुन्हा भरेल. फार दिवस नाहीत. घरी न्या, हवं ते खायला द्या.
बाहेर आलो. आबा माझ्या तोंडाकडे बघत होते. बघितलं तरी. विचारलं मात्र नाही. घरी येऊन मंगलाला विचारलं, "काय सांगी राह्यना डाक्टर?" ती स्वयंपाकघरात जाऊन रडली.

१९ जाने.
सुपडूच्या दुकानी गेलो, निवेदन जमणार नाही सांगायला. त्यानं आधी एक फोटो पुढ्यात टाकला. दहाव्याचा. तापीवर नऊ टकलं ओळीत, मध्ये राजाची तसबीर, तिला हार. असा फोटो काढलेला मला आठवतही नव्हता. सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत, छाती काढून, लग्नाला आल्यासारखे. फक्त मी बघत नाही. तोंड वाकडं, डोळे मिटलेले, नाकातून पाणी. ओक्साबोक्शी.
"मोठा करून लावतो मांडवात," सुपडू.
"लावलास तर बघ."
"अरे आपली शान आहे ती!"
शान! माझी काय शान झाली ते मला विचार म्हटलं. भांडून आलो. निवेदनाचं सांगायचं राहूनच गेलं.

२२ जाने.
आबांना आंघोळ घातली. मंगलाला आता उचलवत नाहीत. पाठ किती छोटी झालीय. याच माणसाला मी घाबरायचो. पाठीला साबण लावताना त्यांनी डोळे मिटून घेतले. नको म्हणाले नाहीत.
शेठकडे रजा मागितली. "हमणां सीझन छे, भाई." बरं.
गोकुळला पीसीओवरून फोन केला. सोमवारी जीप घेऊन येतो म्हणाला. मरण गावातच यावं अशी आबांची इच्छा. आगट्याचा विषय मी काढला नाही, त्यानंही नाही.

२५ जाने.
पाळीवरून आलो तर गल्लीच्या तोंडाशी पोरं उभी, खिदळताहेत. वर बघतो तर काय. सुपडूनं लावलाच. दरवाजाएवढी फळी, तिच्यावर नऊ टकलं, बरोबर माझ्या गॅलरीसमोर. मी सुपडूची कॉलर धरली, खरंच धरली, चाळीस ओलांडलेला माणूस मी. तो म्हणाला, "तोड वश्या, तुझ्या हातानं तोड." माझ्याच्यानं तोडवलं नाही. राजाची तसबीर होती ना मध्ये.
वर आलो आणि गॅलरीचं दार लावून घेतलं. मंगलाला बजावलं, आबांना बाहेर बसवू नको. उन्हाशिवाय त्यांना थंडी वाजते म्हणाली. वाजू दे दोन दिवस.

२६ जाने., रविवार
सकाळपासून खाली स्पीकर. निवेदनाला मी गेलो नाही, सुपडू स्वतःच बोलला, भंगार बोलला. मंडळाचे चौघेच आले. खुर्च्या निम्म्या रिकाम्या, नंतर पोरांनी रिमिक्स लावायला लावलं.
दुपारी मंगला आणि सोनल खाली गेल्या बघायला. मी चहा ठेवायला उठलो. परत येतो तर खाटेवर आबा नाहीत. गॅलरीचं दार उघडं. कसे गेले असतील देव जाणे, भिंत धरधरून. लोखंडी खुर्चीत बसलेले, समोर ती फळी. आता शिव्या, आता मंगलाला हाक, असं म्हणत उभा राहिलो.
ते एकेका टकलावरून नजर फिरवत होते. मग म्हणाले, "त्या तिसरा कोन शे?"
मी मागे बघितलं, मंगला आली की काय. नव्हती. मलाच विचारत होते.
"मी," म्हटलं.
"रडी राह्यना तू."
"हा."
"कोनी मारं व्हतं का?"
"नाही आबा. तो गेला म्हणून."
खाली राजाचं गाणं चालू होतं, खरं, त्याच्याच आवाजातलं. मला वाटतं त्यांनी ते आयुष्यात पहिल्यांदा नीट ऐकलं. नाक पुसलं, म्हणाले, "आगटं तूच धर. गोकुळले मी सांगसू."
इतकी वर्षं आबांच्या ज्या एका शब्दासाठी जीव तळमळला तो असा, चहाच्या आधी, सहज. मी खालीच बसलो त्यांच्या खुर्चीपाशी.
मग म्हणाले, फळीकडेच बघत, "मन्ही येळले बी असा रडशी का?"
तेवढ्यात मंगला आली. मला जिन्यावर तिची चप्पल वाजली तेव्हा सुटल्यासारखं झालं. लाज वाटते लिहायला, पण झालं.

२७ जाने., सोमवार
हो म्हणायला काय जात होतं? एक शब्द. मंगला म्हणते, म्हणून टाका, म्हातारं सुखानं जाईल. तिला सगळं सोपं दिसतं. राजाच्या वेळी मी ठरवून रडलो नव्हतो. आबांच्या वेळी येईल की नाही मला खरंच माहीत नाही. काल रात्रभर त्यांच्या मरणाचा विचार करून पाहिला, येतंय का ते. नाही आलं. आणि सतरा वर्षांनी पहिल्यांदा बोललेल्या माणसाशी खोटं बोलायचं?
गोकुळ जीप घेऊन आलाय, खाली सामान चढवतोय. आबांनी त्याला आगट्याचं सांगितलं, मान हलवून "बरं" म्हणाला, माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी पण जातोय बरोबर. शेठनं काढलं तर काढलं.
निघण्याआधी आबांना चहा दिला. कप घेतला नाही. माझ्याकडे बघत होते, सरळ.
"पहिले बोल, मंग चहा," म्हणाले.